हॅमचा पहिला काप

फिलिपिन्समधल्या सेबूच्या आमच्या घरी, नाताळच्या जेवणात, मी पाहुण्याच्या ताटातला हॅमचा काप पळवला. म्हणजे मनातल्या मनात; प्रत्यक्षात असं काही घडलेलंच नाही.

पाहुणा म्हणजे आमची वरची खोली भाड्याने घेतलेला, नॉर्वेहून फिरायला आलेला सहा फुटी एस्पेन. पहिला काप लहानपणापासून माझा. यंदा आईने तो त्याला वाढला.

"नाताळात घरापासून इतकं लांब, बिचारं लेकरू!"

"आई, सलग सहा नाताळ मी रियाधला नोकरीत एकट्याने नूडल्सवर काढले."

"आता आलास ना घरी, दोदोंग, बाळा? मग ऊठ, त्याला भात वाढ."

 

प्रति, इमिग्रेशन कार्यालय: मी रियाधला परत जाईपर्यंत मला आमच्या घरात परदेशी पर्यटक म्हणून नोंदवून घ्यावे, ही नम्र विनंती.