वोचोचं दुखणं

“दुखणं सापडलं की मालकाच्या तोंडावर सांगायचं, पोरी. गोड बोलून गाडी परत पाठवायची नाही. दे वचन.”

गॅरेजची किल्ली तिच्या हातात ठेवताना डॉन एलेउतेरियो असं म्हणाला होता. फळीवरच्या ग्वादालुपे मातेच्या तसबिरीपुढे हात जोडून आम्पारोने बापाला वचन दिलं होतं. आजवर ते पाळलंही होतं.

आता ती बापाच्याच हिरव्या वोचो टॅक्सीत डोकं खुपसून बसली होती आणि दुखणं काही सापडत नव्हतं. अॅक्सिलरेटरची केबल तिने सकाळीच कापून नवी घातली होती. इंजिनाकडची स्प्रिंग नवी. पेडलचा सांधा रॉकेलने धुऊन त्याला ग्रीस दिलं होतं. पायाखालचं रबर काढून फेकलं होतं. पेडल दाबलं की खाली जात होतं, सोडलं की टुणकन वर येत होतं.

तरीही काल कुआउतेपेक टेकडीच्या उतारावर गाडी सुसाट सुटली होती. या टेकडीवर दुसरी गाडी चढायला धजत नाही. जुन्या गोलमटोल वोचोच तेवढ्या टॅक्सी म्हणून वरखाली करतात. एलेउतेरियोची वोचो काल मक्याचे वाफवलेले तमाल विकणाऱ्या डोन्या चोलेचं उकळतं पातेलं उडवून भिंतीला जाऊन टेकली. चोले उडी मारून वाचली.

“नवरा मेला, पण त्याच्यासाठी कधी जागची हलले नाही मी,” ती म्हणाली होती, “आणि तुझ्या या डबड्यासाठी उडी मारली!”

बाप हसला नव्हता. आज सकाळी तो म्हणाला होता, “पेडल अडकतंय, आम्पारो. मी पाय उचलतो आणि ते वर येतच नाही. आज नीट कर. उद्या सकाळी शाळेची पोरं न्यायचीत.”

“उद्या राहू द्या ना, पापा.”

“ज्या दिवशी मी हिच्यातून उतरेन, त्या दिवशी मला सरळ खड्ड्यात ठेवा.”

आम्पारोने एकटीने गाडी उतारावरून खाली नेली, वर आणली. पुन्हा नेली. पेडल एकदाही अडकलं नाही. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही चालवा. मी बघते.”

टॅक्सीत उतारूंना चढता यावं म्हणून पुढची एक सीट काढलेली असते. त्या मोकळ्या जागेत ती खाली बसली. पेडलं तिच्या डोळ्यांसमोर आली.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाला इंजिन एकदम किंचाळलं.

“हे बघ! अडकलं!” म्हातारा ओरडला. “पाय उचललाय मी! बघ, वर आहे माझा पाय!”

आम्पारो बघत होती. पाय पेडलवरच होता. सगळा भार देऊन, सपाट.

“उचला, पापा.”

“उचललाय की!”

तो खोटं बोलत नव्हता. समोर बाजाराची निळी छपरं मोठी होत होती. एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. आम्पारोने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक सगळ्या ताकदीनिशी वर खेचला. चाकं करकरली. गाडी आडवी झाली, भिंतीला घासली आणि थांबली.

म्हाताऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. “पाहिलंस ना? अडकलं ना?”

“अडकलं, पापा.”

वर येताना गाडी तिने चालवली. गॅरेजच्या अंगणात तो उतरला आणि पुढे चालू लागला. टक्. टक्. उजव्या पावलागणिक फरशीवर आवाज होत होता. आम्पारोने वाकून पाहिलं. सकाळी कापलेल्या केबलची एक तार त्याच्या बुटाच्या झिजलेल्या तळातून पायात घुसली होती. मागे फरशीवर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके पडत गेले होते. तो लंगडत नव्हता. शीळ घालत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साखर पायात उतरेल, पाय बधिर होतील. तेव्हा तो हसला होता. “माझी साखर कपात उतरते, बाई!” आताही तो बाकावर बसून कॉफीत साखर ढवळत होता.

डोन्या चोले पोचा आलेलं पातेलं ठोकून घ्यायला आली होती. तिने ठिपके पाहिले, मग आम्पारोचा चेहरा पाहिला. पातेलं हळूच खाली ठेवलं.

“इंजिन बसलं म्हणून सांग,” ती कुजबुजली. “गाडी म्हातारी झाली म्हटलंस तर रडेल, पण ऐकेल.”

“इंजिन ठणठणीत आहे, डोन्या चोले.”

“मग काय सांगणार आहेस त्याला?”

आम्पारोने फळीवरच्या मातेकडे एकदा पाहिलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. छोटी पक्कड घेतली, धुतलेलं फडकं घेतलं.

“काय गं पोरी,” बाहेरून हाक आली, “सापडलं का दुखणं?”

“सापडलं, पापा,” ती म्हणाली, आणि दुखण्याच्या मालकाकडे निघाली.