नव्या मशीनवर इल्दा

संस्थेचा जुना संगणक आता उठणार नाही, हे मंगळवारी सकाळी कळलं. संस्थेचं संगणकाचं काम बघणाऱ्या रोसिनाने त्याचं झाकण पुन्हा बसवलं, उरलेले स्क्रू मुठीत धरले आणि म्हणाली, "गेला." मग समोर आदेमार बसलाय हे लक्षात येऊन तिने घाईने जोडलं, "म्हणजे, बंद पडला."

"गेला म्हण की," आदेमार म्हणाला. "त्याला काय होतंय."

इल्दा, त्याची बायको, मार्चमध्ये गेली होती. मधपाळांच्या या संस्थेत कुठल्या पिंपातला मध कोणाच्या पेट्यांचा, कुठल्या फुलोऱ्याचा, हे तिनेच लिहिलेला प्रोग्राम सांगायचा. त्यातूनच लेबलं निघायची. लेबल नसलेलं पिंप राजधानीचा, माँतेविदेओचा ट्रक उचलत नसे, आणि ट्रक गुरुवारी यायचा होता.

प्रोग्रामची प्रत एका डिस्कवर होती. ती घरी साखरेच्या डब्यामागे असायची. आदेमार ती द्यायला आला होता आणि थर्मास काखेत धरून तिथेच बसून राहिला होता.

रोसिनाने डिस्क नव्या मशीनला जोडली. "काकूंनी प्रोग्राम बसवायचीसुद्धा स्क्रिप्ट लिहून ठेवलीय," ती म्हणाली. "कुठली फाईल कुठे ठेवायची, फोल्डर नसेल तर करायचा, सगळं. मधे मधे टिपणं आहेत. ऐका. 'फोल्डर आधीच असेल तर गप्प पुढे जा, भांडू नकोस.'"

"हे मला म्हणायची."

"'फाईल आधी शेजारी दुसऱ्या नावाने उतरव. पूर्ण उतरली की मगच तिच्या जागी सरकव. अर्धवट काही जागेवर ठेवायचं नाही.'"

"हेही मलाच. बाजारातली पिशवी आधी बाकावर. सगळं आलंय ना बघायचं, मग कपाटात. पिशवी मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलोय त्या बाकावर."

खिडकीशी एबेर उभा होता, संस्थेचा अध्यक्ष. दर सभेत त्याचं इल्दाशी वाजायचं. "तू पूर्ण उतरलास असं तिला कधी वाटलंच नाही," तो म्हणाला. "म्हणून बाकावर ठेवलं तुला."

आदेमार हसला. रोसिनाने स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर फोल्डरांची नावं एकेक करून उतरली आणि मग थांबली. तिने पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

"काय म्हणतंय?"

"काही नाही, काका. एक शब्द बदलायचाय."

"वाच."

तिने वाचलं. "'इल्दा नावाचं इथे कोणी नाही.'"

एबेर बाहेर मांडलेल्या पिंपांकडे बघू लागला. आदेमारने येर्बाच्या, त्या कडू पाल्याच्या चहाच्या पेल्यात थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि नळीतून घुरघुर येईपर्यंत तो प्यायला.

"फाईली कोणाच्या मालकीच्या, तिथे काकूंनी स्वतःचं नाव घातलंय," रोसिना म्हणाली. "मशीन बदललं की त्या आधी त्यावर स्वतःचं खातं उघडायच्या, मग ही चालवायच्या. म्हणून कधी अडलं नाही."

"मशीन जुनं असो, नवं असो, कोणाचंही असो, ही चालेल म्हणायची."

"चालतेच. फक्त त्या तिथे हव्यात," रोसिना बोलून गेली.

"संस्थेचं नाव घाल तिथे," एबेर आदेमारकडे न बघता म्हणाला. "ट्रक येतोय. इल्दानेही तेच केलं असतं."

"इल्दाने तुझं एकदा तरी ऐकलं होतं का?"

"नाही."

"मग तिच्या वतीने बोलू नकोस." आदेमारने पेला खाली ठेवला. "आणि बदलायचं नसेल तर, रोसिना?"

"तर या मशीनवर त्यांचं खातं उघडावं लागेल."

"अवघड असतं?"

"एक ओळ."

"माणूस नसताना उघडता येतं?"

"मशीन माणूस दाखवा म्हणत नाही, काका. नुसतं नाव विचारतं."

"मग सांग त्याला."

एबेर खाकरला. "आणि उद्या कोणी विचारलं की हे खातं कोणाचं, इथे कोण काम करतं, तर?"

"इल्दा करते म्हणून सांग. अजूनही तुझ्यापेक्षा जास्तच करते."

एबेर खुर्ची ओढून आदेमारशेजारी बसला आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

रोसिनाने ती एक ओळ लिहिली. मग स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवली. मघाचे फोल्डर होतेच. त्यांच्याशी न भांडता ती पुढे गेली. फाईली एकेक शेजारी उतरल्या, आपापल्या जागी सरकल्या. या वेळी ती मधे कुठेच थांबली नाही. थोड्या वेळाने छपाईयंत्र खरखरलं आणि पहिलं लेबल बाहेर आलं. निलगिरीचा मध, आदेमारच्याच पेट्यांचा. त्याने ते हातात धरलं. अजून कोमट होतं.

"एक राहिलं," रोसिना म्हणाली आणि तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "खात्याचा पासवर्ड. तो नाही तोवर त्या नावाने कोणाला आत जाता येणार नाही. तुम्हीच ठेवा."

आदेमारने माश्या चावून चावून जाड झालेली दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. एबेरने तोंड दुसरीकडे फिरवलं. बराच वेळ बोटं तिथेच राहिली. मग त्याने थर्मास काखेत घेतला.

"उद्या येतो," तो म्हणाला.

गुरुवारी ट्रक आला आणि सगळी पिंपं घेऊन गेला. पासवर्ड अजून ठेवायचा आहे.