टिश्यूचं पाकीट

"फोनच्या सुरक्षित फर्मवेअरने वापरायला घेतलेलं मेमरीचं पान पाच सेकंदांत परत केलं नाही, तर ड्रायव्हर प्रोग्रॅमने ते काढून घ्यावं. एवढा बदल आजच पाठव," टीमप्रमुख तिओ सर म्हणाले. "फर्मवेअर अजून त्यावर लिहीत असलं तर? ते ॲपला दिलं, की लोकांच्या फोटोंचा विचका झालाच. मी नाही पाठवणार," सूयिन म्हणाली. "मग पान अडकवून ठेवायचं?" "ठेवायचं." भांडतच दोघं जेवायला फूड सेंटरवर पोचले. मुंगी शिरायला जागा नव्हती. एकच टेबल मोकळं, तेही तिथल्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून राखलेलं. तिखट लाक्सा नूडल्सचा वाफाळता वाडगा घेऊन सर घुटमळत राहिले. "दहा मिनिटं झाली, सर. पाकीट सारा, बसा." "वेडी का? कुणाचं मांडलेलं पान उचलू नये." सूयिनने भुवया उंचावल्या. पहिल्या घासाआधीच सरांचे कान लाल झाले. उभ्यानेच वाडगा संपवत म्हणाले, "फर्मवेअरचं पानही राहू दे."