सह्याद्रीला खोकला आला

जोतिबाची आन, ह्यातला शब्दन्‌शब्द खरा हाय. डोंगर खोकला. एकदाच खोकला, पन चांगला छाती भरून. आन् तवा नाथाजी जमादार त्येच्या माथ्यावरच वाकल्याला हुता.

डोंगर मातीचा. कडेगावाजवळच्या एका वस्तीत, अंबूआत्तीच्या अंगनात, कमरंएवढा उंच. बेचाळिसाच्या चळवळीत मास्तर तुरुंगात गेलं, शाळंला कुलूप पडलं, तवापासनं गल्लीतली पोरं आत्तीकडंच शिकायची. पुस्तक एकच, त्येचीबी निम्मी पानं उंदरानं खाल्ल्याली. म्हनून आत्ती अंगनच वाचायला लावायची. उनात काठी रोवून तिची सावली कशी सरकती ते बघायचं. डोळं झाकून, नुसत्या वासावर लिंब कंचा आन् करंज कंचा ते सांगायचं. मुंग्या अंडी घिऊन कुटं निघाल्यात ते बघत उकिडवं बसायचं. पोरास्नी वाटायचं, ह्यो खेळच हाय. पुढं म्हातारपनीसुदिक कुटं करंजाचा वास आला की एकेकाच्या डोळ्याम्होरं तेच अंगन उभं ऱ्हायचं.

पन सगळ्यात लय जीव त्या मातीच्या सह्याद्रीवर. महाबळेश्वरावर तांब्या वतला की वाइच पानी कोकनात जायचं, बाकीचं देशावर. कृष्णा वाईवरनं उतरायची, कराडात तिला कोयना भेटायची, सांगलीपाशी वारणा. येरळंत मातर थेंब जायचा न्हाई. पोरं रडकुंडीला आली की आत्ती म्हनायची, बराबरच हाय की रं, खऱ्या येरळंत तरी कुटं असतंय? आन् माथ्यावर खोवल्याला एक पोकळ बांबू. त्यो ज्वालामुखी. आपला डोंगर कवाकाळी आग वकून तयार झालाय, हे आत्तीनं शिकवल्यालं.

बांबूचं खरं कारन पोरास्नी ठावं नव्हतं. डोंगराखाली पेव हुतं, जुंधळं साठवायचं भुयार. त्येच्यात आत्तीचा भाऊ मानसिंग दडून बसल्याला. त्येच्यावर वारंट. घावला तर फास, न्हाईतर जल्माची सजा. पेवात हवा कोंडती, आत सोडल्याला दिवासुदिक इझतो. म्हनून त्यो बांबू. मानसिंगचा सगळा श्वास त्या एका नळीतनं.

जमादार आला त्यो शिपाई घिऊनच. घर उलथंपालथं केलं, कनगीत काठ्या खुपसल्या, कडब्याची गंज इस्कटली. काय घावलं न्हाई. शिपाई गोठ्याकडं गेलं आन् जमादार दमून डोंगरापाशी टेकला, बिडी पेटवून. आत्ती दारातल्या चुलीवर भाकरी करत हुती. तव्यातली करपाय लागली तरी तिला वास न्हाई.

मनू म्हंजे मानसिंगचीच लेक, आट वर्साची. तिला सांगितल्यालं, बाबा ममईला गेल्यात. पोरीनं पावन्याला सगळा मुलूख दावला. जमादार म्हनला, आमचं लोणंद कुटं हाय गं ह्यात? तिनं नीरंच्या काठाला एक खडा ठिवला आन् बजावलं, आता तुमचं गाव बी आलं, पाय लावू नगासा. जमादारानं हासून पाय वढून घेतला. मंग त्येची नजर बांबूवर गेली.

"ज्वालामुखी म्हंतीस, तर धूर कुटाय?"

कुनी नगं म्हनायच्या आत त्यो वाकला, बिडीचा लांब झुरका घेतला आन् सगळा धूर बांबूत फुकला.

डोंगर खोकला.

आत्तीच्या हातातला पिठाचा गोळा चुलीत पडला. पोरं आ वासून बघाय लागली. मनू तेवढी पांढरीफटक. तिनं त्यो खोकला वळखला का न्हाई, द्येवाला ठावं. पन तिनं जमादाराची बाही धरली आन् बारीक आवाजात म्हनली,

"आवं, उठा. डोंगर बोलला की भूकंप हुतो. मोकळ्या रानात जायाचं असतंय."

असला धडा आत्तीनं कवाच शिकवला नव्हता.

आता नशीब बघा. जमादार पयल्या लढाईत बसऱ्याला हुता, तितं तोफंपाशी त्येचा एक कान गेल्याला. नेमका डोंगराकडचा. खोकला त्येला ऐकूच आला न्हाई. पोरगी वढती म्हनून उठला, बिडी इझवली, तिच्या मागनं गुमान अंगनाभाईर गेला. तितनं, बहिरी मानसं बोलत्यात तसा, शिपायांवर वरडला. हितं काय न्हाई म्हनला. चला विट्याला, मुक्काम तितंच, सकाळपातूर ह्या वाटंला कोन फिरकायचं न्हाई. एवढ्या मोट्यानं वरडला की लिंबावरचं कावळं उडालं. शिपाई पार जवळ उभं हुतं, ते बी दचकलं.

त्याच राती मानसिंग पेवातनं भाईर निघाला आन् रानोरान पल्याड गेला. सवराज्य आल्यावर घरी आला, तवा मनू त्येच्याएवढी उंच हाय का काय असं वाटाय लागलं हुतं.

नाथाजी जमादार पेन्शन खाऊन कवाच देवाघरी गेला, तवा आता सांगाय हरकत न्हाई. त्यो बहिरा कान तेवढा पदरचा घातल्याला. जमादाराचं दोन्ही कान शाबूत हुतं.