निळसर धार

भट्टीच्या नळीतून पहिली धार पडली ती निळसर होती.

देसांकाने पेला उजेडात धरला, नाकाशी नेला आणि भावाच्या हातात दिला. विदोयेने जिभेचं टोक बुडवलं आणि बाजूला थुंकला. "साबण," तो म्हणाला.

सहा घरांत मिळून दारू गाळायची ही एकच भट्टी. ती तिहोमिरच्या पडवीत असायची, कारण गेली अकरा वर्षं ती घासूनपुसून ठेवायचं काम त्या रिटायर वायरमनकडे होतं. आज पहिली पाळी शेजारच्या देसांकाची. चार पिंपं आलुबुखार तिने महिनाभर आंबवला होता, त्यातलं एक भट्टीत चढलं होतं. पंधरा दिवसांवर लेकाचं लग्न, व्याही नोवी साद शहरातून येणार. त्यांच्यापुढे घरच्या फळांची सोडून विकतची राकिया दारू ठेवायची म्हणजे गावाच्या तोंडी आयताच विषय.

"नळी नीट धुतली नव्हती का?" विदोयेने विचारलं.

"तिहोमिरभाऊंनी धुतली म्हणजे धुतली. त्यांच्या हातची वस्तू कधी कळकट बघितलीस? दोष माझाच. झाडांवर मोरचूद मारायला मीच उशीर केला. पाऊस धुऊन नेईल म्हटलं, तर पाऊस आलाच नाही."

तिहोमिर चुलीत लाकडं सारायला खाली वाकला. तोंड लपवायला तेवढंच निमित्त.

नळी कालपर्यंत त्याच्या यंत्रावर होती. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायची पेटी त्याने स्वतः बनवली होती. आत पोलादी पत्रे, मधे रबराच्या चकत्या, पाण्यात कॉस्टिक सोडा. वायू निघायचा, पण अर्ध्या तासात पेटी अशी तापायची की हात लावायची सोय नाही. तापली की वीज जास्त खायची, जास्त खाल्ली की आणखी तापायची. त्याने सोडा कमी केला, पत्रे वाढवले, पंखा लावून पाहिला. शेवटी जूनमध्ये भट्टीची तांब्याची वेटोळी नळी सोडवली, थंड पाण्याच्या पिंपात बुडवली आणि पेटीतलं पाणी तिच्यातून फिरवलं. मग दीड तास ज्योत जळली आणि पेटी नुसती कोमट.

त्याने सगळ्या गल्लीला बोलावून ते दाखवलं. पिंपावर ताडपत्री होती. "थंड कशी राहते हो?" असं कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पत्र्यांची मांडणी. त्याला डोकं लागतं." पहिली टाळी देसांकाने वाजवली. त्यानंतर नळी काढायला त्याचा हात होईना. काल संध्याकाळी काढली, घाईघाईत दोनदा गरम पाणी ओतलं आणि बसवली जागेवर.

"ओतून टाक," देसांका भावाला म्हणाली. "सगळा एकाच बागेतला माल. लग्नात कुणाच्या पोटात गेलं तर काय घ्या."

"ताई, थांब जरा. तिहोमिरभाऊंना विचारू. त्यांना यातलं कळतं."

दोघं त्याच्याकडे बघत राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही.

"आता मोरचूदच म्हटल्यावर," तो म्हणाला, "काही सांगता येत नाही."

विदोयेने पिंप कलतं केलं. जांभळं आंबवण भळाभळा अंगणात पसरलं. देसांका पाठ वळवून उभी राहिली आणि पदर नसलेल्या बाईने करावं तसं तिने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "पोराला काय तोंड दाखवू," ती स्वतःशीच म्हणाली. तिहोमिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विदोयेने दुसऱ्या पिंपाला हात घातला.

"नको," तिहोमिर म्हणाला. "आलुबुखार चांगला आहे. नळीच खराब आहे. मी ती यंत्राला लावली होती. सोड्याचं पाणी फिरवलं तिच्यातून."

विदोयेचे हात पिंपावरच राहिले. "म्हणजे त्या दिवशी, ताडपत्रीखाली..."

"हो. तीच."

विदोये त्याच्या अंगावर जाणार होता. देसांकाने हाताने अडवलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"नळीचं राहू द्या," ती म्हणाली. "नळी काय, दुसरी आणता येईल. मला एवढंच सांगा भाऊ, ते पिंप ओतलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तिहोमिरने खाली पाहिलं. आंबवण वाहत त्याच्या बुटांपर्यंत आलं होतं आणि दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे गेलं होतं.

"इथेच," तो म्हणाला.