उशाशी लाल झाड

खर्र.

करवत मेपलच्या खोडात शिरली. लाल पानं पिल्सूनच्या डोक्यावर, पाठीवर झडली. अंगावरची पाल झटकावी तशी तिनं ती झटकली.

"ताई, थांब!" धाकटा भाऊ तेसोक खालून धापा टाकत चढत होता.

"थांबू? आईबाबांच्या थडग्याच्या उशाशी झाड लावलंस! मुळं हाडांत शिरतात, घराण्याचं वाटोळं होतं. हेही मीच शिकवू?"

खर्र. खर्र.

समोर गवतानं मढलेला उंचवटा. खाली बाबा, शेजारी आई. आई गेली तेव्हा पिल्सून पुसानच्या इस्पितळात मोडका पाय घेऊन पडली होती. सगळं तेसोकनंच उरकलं. त्यानंतर ती यंदा पहिल्यांदाच वर चढली होती. आणि हे.

पलीकडे अख्खा डोंगर पानगळीच्या रंगांनी पेटला होता. माथा तांबडाभडक, कंबर नारिंगी, ओढ्याकाठी अजून थोडा पिवळा. तिकडे तिची पाठ होती.

पायवाटेवरून रंगीत जाकिटं घातलेल्या बायकांचा घोळका आला. एकीनं फोन उगारला. "अहो मावशी, एवढं देखणं झाड! फोटो तरी काढू द्या, मग तोडा."

"तुझ्या आईच्या उशाशी लाव नि काढ फोटो!"

घोळका खुसखुसत पुढं.

खर्र.

"ताई, आईची हाडं तिथं नाहीत."

"काय?"

"बाबा एकटेच आहेत. आईचं मी दहन केलं. तिची राख या झाडाखाली आहे. तिनंच सांगितलं होतं."

करवत थांबली. अर्ध्या खोडात.

राग थांबेना.

"खोटारड्या! मघाशी मी कुणापुढं कपाळ टेकलं मग? बायकोची जागा नवऱ्याशेजारी असते! लोक काय म्हणतील?"

"हेच म्हणाली होतीस." आता तेसोकचाही आवाज चढला. "बाबांनी तिचा हात मोडला. ती गाठोडं घेऊन पुसानला तुझ्या दारात आली. तेव्हाही हेच. आणि दुसऱ्या सकाळी तिला परतीच्या बसमध्ये बसवलंस."

"मग काय करायला हवं होतं मी? सासू होती घरात, मुलं होती..."

"ती सरळ घरी गेली नाही. खालच्या फाट्यावर उतरली, इथवर चढली. डोंगर असाच लाल झाला होता. मोडका हात मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बघत बसली. म्हणायची, अख्ख्या जन्मात तेवढी एक दुपार माझी."

पिल्सूननं करवत ओढून पाहिली. खोडानं ती गच्च धरली होती.

"मला सांगायचंस तरी," ती म्हणाली. "मी तिची मुलगी आहे."

"तिनंच बजावलं होतं. म्हणाली, 'पिल्सूनला कळू देऊ नकोस. ती मला पुन्हा त्याच्याकडे पोचवेल.'"