मानसिंगची गाणी

कर्ण्यातून मुलाचा आवाज आला तशी छबूबाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"त्योच की! पडसं झाल्यावानी वाटतंय, पन त्योच हाय."

मालतीबाईही हसल्या. त्या बारामतीत मुलींच्या शाळेत शिकवत. छबूबाई सांगवीहून बाजारला गवार, वांगी घेऊन यायची आणि माल संपला की त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. त्या उन्हाळ्यात, सत्तावन्न साली, मालतीबाईंनी पुण्याहून तीन तबकड्यांचा एक संच आणला. वर छापलं होतं : गीत, चाल आणि गायन, मानसिंग सांगवीकर. गावाचं नाव पाहून त्यांनी छबूबाईला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "माझा ल्योक हाय त्यो." मग आज पाटी बाहेर ठेवून, हातपाय धुऊन ती ग्रामोफोनसमोर येऊन बसली होती.

मानसिंग मुंबईला राहायचा. दिवाळीला घरी यायचा, आईसाठी लुगडं आणायचा, तिच्या पाया पडायचा. गाणं म्हण म्हटलं की मात्र टाळायचा. "त्यात तुझ्याजोगं काय न्हाय, आये," एवढंच म्हणायचा.

गाण्यांना साथ फक्त एकतारीची होती. मालतीबाईंनी ती सगळी आधी ऐकलेली होती. त्यांना ती आवडली होती आणि थोडी भीतीही वाटली होती. पहिल्या गाण्यात रिकामी मोट वर यायची. दुसऱ्यात एक बाई पाण्याखाली दळत बसलेली असायची. छबूबाईचं हसू पहिल्याच गाण्यात विरलं. दुसरी तबकडी लागली.

*पाळण्याची दोरी ओली कशी झाली,*
*विहिरीच्या तळातून कुणी ओढली?*

छबूबाईनं जमिनीला हात टेकला. मालतीबाई पिन उचलायला पुढे झाल्या.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "सगळं ऐकायचंय मला."

तिसरी तबकडी लावताना मालतीबाईंना ओशाळल्यासारखं झालं. मोठ्या हौसेनं बोलावलं होतं या बाईला. शेवटच्या गाण्यात मानसिंगचा आवाज अगदी खाली आला, कुणाला उठवायचं नसावं तसा.

*एक आई पाण्यात, एक चुलीपाशी,*
*दोघींच्या मधी मी, निजू कुणापाशी?*

तबकडी संपली. पिन नुसतीच खरखरत राहिली. मालतीबाईंनी ती उचलली आणि घाईनं म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. कवी माणसं असंच रचतात. तुम्ही धडधाकट असताना हे असलं लिहायचं म्हणजे..."

"रचल्यालं न्हाय त्ये, ताई," छबूबाई म्हणाली. "खरं हाय."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. मानसिंगला जन्म दिला तो तिच्या थोरल्या बहिणीनं. पोर अंगावर पीत होतं तेव्हाच बहीण मळ्यातल्या विहिरीत गेली. पाय घसरला की उडी घेतली, कुणालाच कळलं नाही. लोक नाही नाही ते बोलायला लागले. छबूबाईला त्याच घरात, बहिणीच्याच नवऱ्याला दिली. तिचे मालक, रावजी, यांनी घरात आणि भावकीत सगळ्यांना बजावलं, की पोराची आई हीच. मेलेलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. छबूबाईला स्वतःचं मूल झालं नाही आणि तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही.

"धा वर्साचा असंल," ती म्हणाली. "एक दिस आमच्या हिरीचं पानी पियाचं त्यानं सोडलं. तहान लागली की कालव्यावर जायाचा. उनातानात, अनवानी. मी म्हनायची, पोरगं लाडावलं. एकदा तर मारलंबी त्यापायी."

ती थांबली.

"तवाच कळलं असनार त्याला. कुनाचं तरी त्वांड सुटलं असंल. आन त्या दिसापासनं आजपातुर, ताई, मला आये म्हनताना एकदाबी अडखळला न्हाय." तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "मी समजत हुते, मीच त्याच्यापासनं लपवतीया."

मालतीबाईंनी तांब्या पुढे केला. ती गटागटा पाणी प्याली, उठली आणि दारातली पाटी काखेत घेतली.

"मुंबैची गाडी कुठनं मिळंल?"

"आज? अहो, आधी घरी तरी सांगा. मालक काय म्हणतील?"

"त्येंला इचारलं तर जाऊ द्येनार न्हाईत. त्येंनीच त्वांड बांधलंय समद्यांचं."

"तो दिवाळीला येईलच की. एवढं काय अडलंय?"

छबूबाई पायरीवर उभी राहिली.

"समदी गानी ऐकली मी, ताई. पानी हाय, दोरी हाय, पाळना हाय. तिचं नाव न्हाय कुठं. त्याला ठावं न्हाय, का माझ्यासाठनं घेतलं न्हाय, द्येव जानं." मग तिनं जवळजवळ तीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं. "रतन. रतन नाव हुतं तिचं. त्याला म्या सांगितलं म्हंजी त्यो गाईल."